तातडीचा दुसरा संपर्क

"आयव्हीला ताप भरलाय, तुम्ही तिला न्यायला या," असा बालवाडीतून फोन आला, तेव्हा रोझलिन एका तान्ह्या बाळाचं डोकं टेपने मोजत होती. मंगळवारची सकाळ होती. रोझलिन गावच्या बालआरोग्य केंद्रातली नर्स. चार वर्षांची आयव्ही तिच्याकडे वजन-उंचीला येणाऱ्या तीनशे मुलांपैकी एक. नात्याची कुणी नव्हे.

चुकीचा नंबर लागला असेल, असं ती म्हणाली. बालवाडीच्या बाईंनी, मेलेकने, समोरचा फॉर्म वाचून दाखवला. तातडीचा पहिला संपर्क, वडील, डेल. तो फोन उचलत नव्हता. आईच्या, केरिनच्या नावापुढे नंबरच नव्हता. दुसरा संपर्क, रोझलिन टकर, आणि पुढे रोझलिनचा कामाचा नंबर.

रोझलिनने बाळ त्याच्या आईकडे दिलं आणि केंद्रातला आयव्हीचा फॉर्म उघडला. त्यातही दुसऱ्या संपर्कात एक नाव होतं. ते सरकारी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या ब्रॉनविनचं होतं. ब्रॉनविनलाही फोनवर घेतलं. तिच्याकडच्या आयव्हीच्या फॉर्ममध्ये मेलेकचं नाव निघालं.

"म्हणजे आपण तिघी मिळून एक आजी झालो," ब्रॉनविन म्हणाली. "रविवारी जेवायला कुणाकडे जमायचं ते ठरवून टाका."

मेलेकला हसू आवरेना. केरिन नवऱ्याशेजारी मान खाली घालून बसते, विचारलं तेवढंच बोलते. फॉर्म भरताना तिने पर्समधली कार्डं काढून जी हाताला लागली त्यांवरची नावं उतरवली असतील, असा मेलेकचा अंदाज. दुसऱ्या दोघींनाही तो पटला. इतक्यात मिस्ड कॉल बघून डेल गाडी घेऊन बालवाडीच्या फाटकात आला. एका मदतनिसाने आयव्हीला त्याच्याकडे सोडलं. फोन खरं तर तिथेच संपायचा.

पण ब्रॉनविनने फॉर्म दुरुस्त करायला घेतला होता, आणि काम करताना मोठ्याने वाचायची तिला सवय होती. मे महिना, वरचा पुढचा दात तुटलेला. घरी ट्रॅम्पोलिनवरून पडली, असं वडिलांनी सांगितलं.

"घरी?" मेलेकने विचारलं. "अगं, जूनमध्ये आम्ही इथे ट्रॅम्पोलिन आणलं, तेव्हा आयव्ही मला विचारत होती, हे काय असतं म्हणून."

आता कुणी हसलं नाही. रोझलिनने आपली नोंद काढली. मार्च महिना, डावं मनगट सुजलेलं. बालवाडीच्या घसरगुंडीवरून पडली, असं वडिलांनी सांगितलं. मेलेकने अपघातांची वही चाळली. मार्चमध्ये घसरगुंडीवरून कुणीच पडलं नव्हतं. प्रत्येक नोंद आपापल्या जागी खरी दिसत होती. तिन्ही जवळ ठेवल्या की एकही टिकत नव्हती.

मग मेलेकने आणखी एक गोष्ट सांगितली. या आठवड्यानंतर आयव्हीचं नाव बालवाडीतून काढा, असं डेलने कालच सांगितलं होतं. शुक्रवारी ते नदी ओलांडून पलीकडे राहायला जाणार होते. पलीकडे दुसरं राज्य, दुसरे दवाखाने, आयव्हीच्या नावाची कोरी फाइल.

मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर आईला न विचारताही तिघींनी एकमेकींना माहिती द्यावी, असा कायदा होता. त्याचं प्रशिक्षण तिघींनी घेतलं होतं. पण आईने खोलीत सांगितलेलं खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा रोझलिनचा एकोणीस वर्षांचा नियम होता. त्याच भरवशावर बायका तिच्याकडे येत. आपल्यामागे आपली चर्चा झाली हे कळलं, तर केरिन पुन्हा दारात पाऊल टाकणार नाही, असं ती म्हणाली.

"शुक्रवारनंतर तशीही टाकणार नाहीये," ब्रॉनविन म्हणाली.

रोझलिनने त्याच दुपारी तिन्ही नोंदी बालसंरक्षण विभागाकडे पाठवल्या. बुधवारी तिकडून दोनदा फोन आला. गुरुवारी सकाळी दहाला तिने आयव्हीला डोळे तपासायला बोलावलं. तिघंही आली. अंधाऱ्या खोलीत मुलाबरोबर एकच माणूस चालतो, असं तिने डेलला सांगितलं. तो नियम तिने त्याच क्षणी बनवला होता. डेलने घड्याळाकडे पाहिलं आणि तो बाहेरच्या बाकावर बसला.

रोझलिनने दार लावून घेतलं. आयव्हीला तक्त्यावरची चित्रं ओळखायला बसवलं. मग ती केरिनशी हळू आवाजात बोलली. मागच्या दाराशी एक गाडी आहे, गाडीत विभागाची बाई आहे, दोघींसाठी राहायची जागा बघून ठेवली आहे. पोलिसांना कळवलेलं आहे. यायचं की नाही, ते केरिनने ठरवायचं होतं.

केरिनने तिच्याकडे रोखून पाहिलं. आता ती चिडणार, असं रोझलिनला वाटलं. उरलेलंही सांगून टाकलेलं बरं, म्हणून ती घाईने बोलली.

"मला माफ करा, केरिन. तुम्हाला न विचारता आम्ही तिघी तुमच्याबद्दल एकमेकींशी बोललो."

केरिनने आयव्हीला कडेवर घेतलं आणि मागच्या दाराची कडी काढली.

"फेब्रुवारीत ते फॉर्म भरले," ती म्हणाली. "तेव्हापासून वाट बघतेय, तुम्ही एकमेकींना कधी फोन करताय याची."