मागचं दार

डेट्रॉइटच्या मोटारींच्या कारखान्यातला संप तिसऱ्या महिन्यात शिरला होता. फाटकात आडवा पडलेल्या व्हर्नन पोलकला पोलिसांनी उचललं आणि आपल्या कोऱ्या करकरीत गाडीत मागे कोंबलं. पोलिसांच्या गाड्यांची मागची दारं आतून उघडणार नाहीत अशी बसवायची, हेच व्हर्ननचं वीस वर्षांचं काम. हाताच्या सवयीनं त्यानं आतलं हँडल ओढून पाहिलं. दार सताड उघडलं!

सोबती ओरडले, "पळ, व्हर्नन, पळ!"

व्हर्नन उतरला. पुढच्या दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरचा गाडी बनल्याचा महिना त्यानं वाचला. ऐन संपातला! म्हणजे ऑफिसातल्या टायवाल्यांनी जोडलेली.

तो पचकन थुंकला आणि हवालदाराकडे वळला.

"साहेब, अटक करायची तर आमच्या हातची गाडी आणा. या डबड्यात मी बसणार नाही."