परीक्षकांची प्रत

"पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद होते," बाबा म्हणाले. "सही कर आणि पळ. ऑनर्सला बसतेस का, असं काय रोज कुणी विचारतं?"

धाकटीने अर्ज पुढ्यात ओढला आणि पुन्हा बाजूला सारला. आणखी एक वर्ष, वर दोनशे पानांचा प्रबंध. घरात एक विदुषी होऊन गेलीच होती. ताई. ऑनर्स, पहिला वर्ग. आणि आता दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर फाडत होती.

"त्यापेक्षा मी दुकानात बसते ना तुमच्यासोबत."

"बाइंडिंगच्या खळीत हात घालायला मी आहे की! ताईचं बघ. परीक्षकांनी शब्द न् शब्द वाचला होता तिचा."

बाबा बाइंडर. विद्यापीठातले निम्मे प्रबंध त्यांच्या हातून बांधून जात आणि पुढे रद्दीत निघाले की त्यांच्याच दुकानात परत येत. पुठ्ठे सोलून पुन्हा वापरता येत. आजही एक गठ्ठा आला होता. बोलता बोलता बाबांनी सुतळी कापली, वरचा प्रबंध उचलला आणि उजेडात धरला.

काळं कापड, पानांच्या कडांना सोनेरी वर्ख. असा वर्ख त्यांनी उभ्या आयुष्यात एकाच प्रबंधाला लावला होता, ताईच्या. त्यावर शिक्का होता, 'परीक्षकांची प्रत'. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शेरा चिकटवलेला: 'सखोल आणि अभ्यासपूर्ण.' खाली झोकदार सही.

बाबांनी पानांवरून अंगठा फिरवला. पानं सुटली नाहीत.

वर्ख लावला की पानांच्या कडा एकमेकींना धरून बसतात आणि पहिल्यांदा उघडताना चरचरत सुटतात. दुकानात वाढलेल्या पोरीला हे कुणी सांगायला नको होतं. तिने प्रबंध हातात घेतला आणि मध्येच बोट घातलं. चर्र. पुढचं पान. चर्र. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही पान कुणी उघडलेलं नव्हतं.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा नसलेली धूळ झटकत राहिले.

"ताईला सांगू नकोस," ते म्हणाले.

पावणेपाच झाले होते. तिने अर्ज ओढला आणि सही ठोकली. रागाने की बाबांच्या तोंडाकडे बघून, तिचं तिलाच कळलं नाही. चपला घालताना ती दारात थांबली.

"बाबा, माझ्या प्रबंधाला वर्ख लावू नका."