निळी प्रत

“पोरी, माणसं ओरडतात, कागद बोलतात. मी पान न् पान ऐकतो,” बावीस वर्षांपूर्वी फेडरल अपील न्यायालयात मी मदतनीस वकील म्हणून रुजू झाले, तेव्हा न्यायमूर्ती अ‍ॅकर्ली म्हणाले होते. इथली रीत अशी, की युक्तिवाद संपला की न्यायाधीश मंचावरून खाली उतरून दोन्हीकडच्या वकिलांचे हात हाती घेतात. आज स्वतःच्या निवृत्तीच्या निरोपाच्या दिवशीही न्यायमूर्ती तसेच उतरले. रांगेत उभे होतो आम्ही, त्यांचे जुने मदतनीस. “हस की जरा, बाई,” शेजारचा व्हर्जिल कुजबुजला. “तुझी जजाची खुर्ची त्यांच्याच शिफारशीवर अडलीय.” माझ्या डोळ्यांपुढे लेम्युएल गॅस्किन्स होता. मी त्यांची मदतनीस असताना निळ्या पुठ्ठ्यात बांधलेलं या कैद्याचं अपील न्यायमूर्तींनी ‘निकाल कायम’ एवढ्या दोन शब्दांत संपवलं होतं, आणि गेल्या हिवाळ्यात तो तुरुंगातच वारला. न्यायमूर्ती माझ्यासमोर थांबले. “मार्ला, माझी सगळ्यात गुणी पोर. कधी उलटून बोलली नाही.” त्यांनी हात पुढे केला. मी तो घेतला नाही. पिशवीतली निळी प्रत त्यावर ठेवली, छापखान्याच्या प्लास्टिकसकट. “भेट आणलीस होय?” “तुमच्याच कपाटातली आहे, जजसाहेब.” त्यांचं हसू ओठांवरच वाळलं. “लेम्युएलच्या निकालावर तुम्ही सही केलीत त्या दिवशीही हे प्लास्टिक असंच होतं, न फाडलेलं,” मी म्हटलं. “मी पाहिलं होतं. नोकरी टिकावी म्हणून गप्प बसले.”