उरलेली अर्धी गोळी

"ही तर वेड्यांची गोळी ना?" मी देवासच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"अक्काजी, नींद के लिए बस आधी लेनी है," त्या हसल्या.

झोपताना मी गोळी मोडून अर्धी घेते. उरलेली उद्यासाठी कुंकवाच्या करंड्यात ठेवते. हे गेल्यापासून, चार वर्षं, तो रिकामाच होता. पण सकाळी उघडावा तर आत काहीच नसतं. घरात मी एकटी.

दहाव्या दिवशी औषधवाला म्हणाला, "दस गोली तो बीस दिन चलती, अक्काजी. घर में और कौन ले रहा है?"

कुणी विचारलं, याचंच बरं वाटलं.

काल हट्टाने अख्खी गोळी गिळली. करंडा पुसून झाकण घट्ट लावलं.

आज सकाळी आत अर्धी गोळी होती. ओली.