डिस्क भरली तेव्हा

"चित्र अडकलंय गं, दुसरं काही नाही," तो फोनवर धाकट्या बहिणीला म्हणाला.

ऑफिसातल्या स्क्रीनवर आईची खोली दिसत होती. आई खिडकीपाशी खुर्चीत, मान जराशी कललेली, मांडीवर विणकाम. पायांशी सकाळचं ऊन.

"माझ्या मोबाइलवरही तासभर अशीच दिसतेय, दादा. फोनही उचलत नाही."

"कानातलं यंत्र काढलं की ती तोफेलाही दाद देत नाही. आणि कॅमेऱ्याची डिस्क भरलीय. रेकॉर्डिंग बंद पडल्याचा मेल पहाटेच आलाय."

"जाऊन ये ना. दहा मिनिटांवर तर आहेस."

"मागे असाच धावत गेलो, तर म्हणाली, मेले का ते बघायला आलास? इथूनच करतो मी."

बाबा गेल्यावर कॅमेरा त्यानेच बसवला होता. रेकॉर्डिंग ऑफिसातल्या एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या एका आभासी संगणकावर, साठायचं. वर्षभरात डिस्क काठोकाठ भरली होती.

घाई त्याच्या स्वभावातच नव्हती. अति घाई संकटात नेई, हे तो हाताखालच्यांना उठता-बसता ऐकवायचा. एक आकडा चुकला असता तर वर्षभराची आई पुसली गेली असती. म्हणून आधी अख्ख्या मशीनची प्रत. तिला चाळीस मिनिटं लागली.

मध्ये बहिणीचा फोन आला. त्याने कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. 

मग त्याने डिस्क दुप्पट केली. पार्टिशनची, म्हणजे डिस्कवर आखलेल्या कप्प्याची, हद्द शेवटपर्यंत सरकवली. आकडे दोनदा तपासले. स्क्रीनच्या कोपऱ्यात आई तशीच होती. ऊन आता मांडीवरच्या लोकरीवर आलं होतं.

शेवटची आज्ञा दिली. निम्मी डिस्क रिकामी दिसू लागली, रेकॉर्डिंग सुरू झालं. त्याने कोपऱ्यातलं चित्र मोठं केलं. आईच्या मागे खिडकीचा पडदा फुगला आणि खाली बसला.

त्याच्या जिवात जीव आला. त्याने लगेच बहिणीला फोन लावला.

"बघ, पडदा हलला! म्हटलं नव्हतं? सुटलं चित्र. आता आईही हलेल."



"हेच सांगायला दोनदा फोन केला होता, दादा," ती म्हणाली. "पडदा सकाळपासून हलतोय."