धुऱ्याच्या पोटात

भुंकणं बंद झालं, तशी मैनाबाईने पदर कमरेला खोचला आणि लोखंडी सब्बल उचलली.

सकाळपासून बिस्कुट धुऱ्याच्या पोटात होता. दोन वावरांमधला हा मातीचा बांध. इकडे तिच्या नवऱ्याची, घनश्यामची सोयाबीन, तिकडे लखीरामची कपाशीची पऱ्हाटी, आणि मधोमध घुशींनी पोखरलेली बिळं. घूस आत शिरली, तिच्यामागे बिस्कुटही शिरला. जात विलायती, टेरियर. पुतणी मितालीला यवतमाळच्या फ्लॅटमध्ये आवरेना, सोफा खणून काढला, म्हणून तिने इथं आणून सोडलेला. उंची दीड वीत, अंगावर काथ्यासारखे राठ पांढरे केस, एक कान तपकिरी, आणि छाती इतकी अरुंद की मांजर जाईल तिथं हाही जाणार. आला तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. हे कुत्रं आहे का खेळणं! मग घरातले उंदीर संपले, बैलांच्या कोठ्यातल्या घुशी संपल्या, आणि हसणारेच बिस्कुटला उसना मागायला दारात येऊ लागले.

"अजी, तो भुकून नाही राह्यला," मैनाबाई म्हणाली.

"येते बाहीर. कायले हैरान होतं?" घनश्याम म्हणाला.

"नाही येत. मितालीनं काय सांगतलं होतं? हे जात मांगं फिरत नाही. भुकते तोवर समजाचं, घूस समोर आहे अन् हा जित्ता आहे. आवाज बंद झाला का खणाचं."

घनश्यामचा चेहराच पडला. "धुरा खणतं? डोकं ठिकाणावर आहे का तुयं?"

विचारलं ते काही चूक नव्हतं. याच धुऱ्याच्या वीतभर मातीवरून त्याचं न् लखीरामचं बोलणं बंद होतं. लग्नात एकमेकांच्या पंगतीला बसत नव्हते. इथलं ढेकूळ हललं तरी दोघंही आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवत.

"लखीराम राळेगावच्या कोर्टात नेईन मले!"

"जाऊ तिथं. कोठ्यातल्या घुशी तुमी धरल्या होत्या का?" आणि तिने सब्बल घातली.

भिजलेली काळी माती सुटता सुटेना. तेवढ्यात पलीकडून लखीराम पऱ्हाटी तुडवत आला, हातात काठी.

"वहिनी! सब्बल ठेवा खाली! धुऱ्याले हात लावाचा नाही!"

"भाऊ, आतमधी जीव आहे."

"ते मले काही सांगू नका. आधी पंच बोलवा, मंग..." तो बोलता बोलता थांबला. त्याच्या पायाखालून आवाज आला होता. भुंकणं नव्हतं, घुसमटल्यासारखं कण्हणं होतं. लखीराम खाली बसला, त्याने मातीला कान लावला. मग काठी टाकून दिली.

"तिकून नका खणू, माती पडन त्याच्यावर. माया बाजूनं आहे तो."

तो हातांनीच माती ओढू लागला. घनश्यामही फावडं घेऊन आला.

भगदाड पडलं, तशी मैनाबाई पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. राठ केस लागले. मागचे पाय लागले. ओढलं, तर येईना. हात आणखी रेटला, तेव्हा गळ्यातली घुंगरमाळ हाताला लागली. बाभळीच्या मुळीत अडकून ती त्याच्या मानेत रुतली होती. कालच पोळा झाला. बैल सजवल्यावर तिनेच हौसेने ती बांधली होती. कामाचं जनावर आहे, त्याचाही पोळा, म्हणून.

"माय माय! म्याच बांधली रे, म्याच!" रडत रडतच तिने कमरेचं खुरपं आत घालून माळेची दोरी कापली. बिस्कुटचं शेपूट ते केवढं, मुठीत मावेल एवढं, पण जाड आणि चिवट. तेच धरून तिने त्याला बाहेर काढलं.

बिस्कुट नखशिखांत काळा झाला होता. नाक फाटलं होतं. त्याने श्वास घेतला, शिंकला, अंग झटकलं आणि थेट बिळाकडे झेप घेतली. मैनाबाईने त्याला वरच्यावर धरलं.

"घरी न्या, हळद लावा," लखीराम म्हणाला.

"हो, बस झालं आज," घनश्याम म्हणाला.

मैनाबाईने पदराने त्याचं नाक पुसलं. सगळं अंग थरथरत होतं, पण डोळे बिळावरून हलत नव्हते. पुढच्या पायांनी तो तिच्या छातीला ढकलत होता. घूस अजून आतच होती. मैनाबाईने त्याच्या मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला आणि मिठी सोडली.

"जाय. तुयं काम कर."

बिस्कुट गडप झाला. लगेच मातीखालून खणखणीत भुंकणं सुरू झालं.

"पाहून काय राह्यले दोघं?" मैनाबाई ओरडली. "लखीरामभाऊ, काठी तुमच्यापाशी आहे, बिळाचं मोठं तोंड आमच्या बाजूनं आहे. ते तुमी धरा. अजी, तुमी त्यायच्या बाजूचं. घूस निसटली तर पाहा मंग!"

लखीरामने काठी उचलली. घनश्यामने फावडं घेतलं. फुटलेल्या धुऱ्यातून खांद्याला खांदा घासत दोघं एकमेकांच्या वावरात उतरले.