समास

टेबलावर अजून एकही पान उघडलं नव्हतं, तोच समोरच्या तरुणाने बोली वाढवली. “काकू, पानं टाकून द्या. नाहीतर बाहेर जाल.”

पणजीच्या त्या पोकर स्पर्धेत वैजयंतीबाई दुपारपासून पानं टाकतच आल्या होत्या. आत्ताही हातातल्या राजा-पंजीत काही दम नव्हता. पण भारी पानं आली की हा चिप्स नुसत्या फेकायचा. या वेळी त्याने आधी चळत बोटांनी सरळ केली. पस्तीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षक असलेल्या बाईंना ते ओळखीचं होतं. उत्तर न येणारी मुलं अशीच पट्टीने समास आखत बसायची.

त्यांनी उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे सारल्या.

शेवटी त्याने डाव सोडून पानं टाकली. “काय होतं तुमच्याकडे?”

“पेपर चालू आहे अजून,” चिप्स ओढून घेत त्या म्हणाल्या. “बोलायचं नाही.”